घरचं तूप, बेकरीची भट्टी: कोल्हापुरात नानकटाई भाजून घेताना

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिन्याची सुट्टी, या दोन मोसमांत कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या बेकऱ्यांच्या दारात घरचे डबे येऊन बसतात. डब्याच्या झाकणावर खडूनं आडनाव, आत मैदा, साखर, तुपाची बरणी, पुडीत वेलची. साहित्य घरचं, भट्टी आणि हात बेकरीचे. मजुरी द्यायची आणि दोन-चार तासांनी तयार माल घरी न्यायचा. एवढी साधी सोय आहे, पण तिचा नीट उपयोग करून घेणारी घरं कमी. अर्धं तूप पसरून जातं, डब्यातली बिस्किटं आठवड्यात मऊ पडतात आणि शेवटी 'बेकरीवाल्यानं बिघडवलं' असं ठरतं. बहुतेक वेळा बिघाड घरातून निघतानाच सुरू झालेला असतो.

आधीच सांगायचं तर, नानकटाईसाठी या सेवेला तोड नाही. गव्हाच्या बिस्किटांसाठी ती चांगली आहे, पण लक्ष ठेवावं लागतं. गुळाची बिस्किटं भट्टीवर नेऊ नयेत. ती घरच्या ओटीजीतच, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्येच, करावीत. नाचणीचं पीठ निम्म्याहून कमी असेल तर न्यावं, नाहीतर नाही. केक घरीच.

नानकटाई भट्टीत चांगली का होते, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. विटांची भट्टी आधी पावासाठी कडक तापवतात. पावाचे घाणे निघाले की जाळ ओढून घेतात आणि विटांत साठलेली ऊष्णता हळूहळू उतरत जाते. नानकटाईला हवी असते ती हीच उतरती, चारही बाजूंनी सारखी लागणारी धग, साधारण 150 ते 165 अंशांची. खालून भाजली जाते, वरून पांढुरकी राहते, मध्ये तडकते. म्हणून बेकरीत पहिला प्रश्न 'किती पैसे' हा नसावा. 'पाव कधी निघतो' हा असावा. पाव निघाल्याबरोबर लगेच शिरलेला ट्रे तळाला काळा पडतो. पाऊण-एक तास थांबून लावलेला घाणा सगळ्यात सुंदर येतो. अगदी शेवटी, टोस्ट वाळत घालायच्या वेळी लावला तर नानकटाई भाजण्याआधी वितळून बसते. बऱ्याच बेकऱ्यांत आता डिझेलवरचे किंवा विजेवरचे रॅक ओव्हन आहेत. त्यात अंदाजाची भानगड नसते, तापमान सांगून लावता येतं, पण आतल्या पंख्यामुळे वरचा भाग लवकर रंगतो. अशा ठिकाणी 150 अंश सांगावं, 170 नको.

आता साहित्य. सगळीकडे ऐकू येणारं प्रमाण म्हणजे मैदा, साखर, तूप एकास एकास एक. ते डालड्याच्या काळातलं आहे. वनस्पती तूप जास्त तापमानाला वितळतं, हवा धरून ठेवतं, त्यामुळे एवढं स्निग्ध घालूनही आकार टिकतो. घरचं साजूक तूप तितकं घातलं तर ट्रेवर पुऱ्या तयार होतात. साजूक तुपासाठी असं धरावं: मैदा 700 ग्रॅम, बारीक बेसन 200 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम, तूप 600 ग्रॅम, पिठीसाखर 550 ग्रॅम, बेकिंग पावडर दोन सपाट चमचे, खायचा सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, वेलची बारा-पंधरा, जायफळ आवडीनं. मोजायचा चमचा पाच मिलिचा. यात 22 ग्रॅमच्या गोळ्याच्या जवळपास शंभर नानकटाया होतात. बेसन लाडवाचं जाड नको, दाताखाली रवाळ लागतं आणि कच्चट वासही राहतो. रवा मात्र वगळू नये. त्यानंच तोंडात टाकल्यावर भुसभुशीत मोडण्याचा गुण येतो.

तुपाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. कोल्हापुरात घरचं तूप म्हणजे बहुतेक म्हशीच्या दुधाच्या सायीचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध ज्या शहरात पितात, तिथे सायीला तोटा नाही. म्हशीचं तूप गाईच्या तुपापेक्षा घट्ट बसतं, दाणा मोठा असतो, आणि नानकटाईला तेच हवं. पण तूप कढवताना ते पूर्ण कढलं पाहिजे. बेरी बदामी झालेली आणि बुडबुडे थांबलेले असावेत. लोणी अर्धवट कढवून आणलं तर त्यात पाणी राहतं, पाण्यानं मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत होण्याऐवजी कडक होते. थेट लोणी वापरणाऱ्यांचंही हेच होतं, लोण्यात पंधरा-सोळा टक्के तरी पाणी असतंच.

मे महिन्यात कोल्हापूरचं तापमान 36-37 अंशांवर गेलं की तूप बरणीत तेलासारखं होतं. ते तसंच फेटलं तर त्यात हवा धरली जात नाही. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावं, सकाळी काढून बोटानं दाबलं तर खड्डा पडेल इतकं मऊ होऊ द्यावं, मगच परातीत घ्यावं. तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं, एकाच दिशेनं, साखर दोन-तीन वेळा थोडी थोडी घालत फेटायचं. पिवळसर तूप पांढरं पडतं, परातीला चिकटणं सोडतं आणि हाताला हलकं लागायला लागतं. वाटीभर पाण्यात या मिश्रणाचा हरभऱ्याएवढा गोळा टाकावा. तरंगला तर झालं, बुडला तर अजून पाच मिनिटं. साखरेमुळे हे मिश्रण पाण्यापेक्षा जड असतं. पुरेशी हवा गेली तरच ते वर येतं, म्हणून ही जुनी खूण खरी आहे. हातानं पंधरा ते वीस मिनिटं लागतात. घरात चार माणसं असतील तर आळीपाळीनं करावं. लहान मुलांना वेलची सोलायला बसवावं, पण परात त्यांच्या हाती देऊ नये. गरम हातांनी तूप लगेच सुटतं.

बहुतेक जण इथेच चुकतात: ते सगळं साहित्य सुटं नेऊन बेकरीत सोपवतात. गर्दीच्या दिवसांत बेकरीतला माणूस तुमच्या घाण्यासाठी वीस मिनिटं परातीत हात फिरवणार नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही योग्य नाही. तो तूप वितळवून मिक्सरमध्ये फिरवतो आणि मोकळा होतो. म्हणून तूप-साखर घरी फेटून डब्यात न्यावी. मैदा, बेसन, रवा, पावडर, सोडा एकत्र तीनदा चाळून दुसऱ्या डब्यात न्यावा. दोन्ही तिथे, आपला नंबर जवळ आल्यावर एकत्र करावेत. मळायचं नाही, नुसतं गोळा होईल इतकं जवळ आणायचं. घरूनच गोळा करून नेला आणि भट्टीशेजारी दोन तास पडला तर तूप सुटून वर तेलकट थर येतो. असा गोळा पुन्हा सावरत नाही. गव्हाच्या बिस्किटांत तर दूध असतं. ओल लागली की बेकिंग पावडरचं काम तिथल्या तिथे सुरू होतं आणि भट्टीत जाईपर्यंत जोर संपलेला असतो.

सोड्याबद्दल बेकरीत स्पष्ट बोलावं.

"मामा, सोडा-पावडर घातलंय आम्ही. वरनं काही घालू नका."

"फुलायची नाही वहिनी, जरा अमोनिया टाकतो की."

"नको, साजूक तुपातल्या आहेत. तशाच लावा."

अमोनिया हा बेकरीचा नेहमीचा पदार्थ आहे, त्यात गैर काही नाही. पातळ, कोरड्या बिस्किटातून त्याचा वायू भाजताना पूर्ण निघून जातो. जाड नानकटाईच्या पोटात मात्र तो अडकतो आणि गरम असताना नाकाला झोंबतो, गार झाल्यावरही वेलचीचा वास मारतो. साजूक तुपाचा वास ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच हरवतो. सोडा दुप्पट पडला तर वर तपकिरी ठिपके येतात आणि चव साबणासारखी लागते. हे घाणा निघाल्यावर दुरुस्त होत नाही.

ट्रे बघून घ्यावेत. केक आणि पॅटिससाठी तेच ट्रे वापरतात. घरात अंडं चालत नसेल तर बटर पेपर सोबत न्यावा आणि तो अंथरूनच गोळे ठेवायला सांगावं. काही ठिकाणी ट्रेवर रद्दी अंथरायची सवय अजून आहे, तिला सरळ नाही म्हणावं. छपाईची शाई तुपाला लागते, आणि वर्तमानपत्राचा कागद अन्नाला लावू नये असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं स्पष्ट सांगितलेलं आहे. डालड्याचा विषय निघाला म्हणून तेही सांगते: 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे आजचा वनस्पती पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरी चवीत तो साजूक तुपाच्या जवळही येत नाही, आणि टाळूला चिकटतो तो चिकटतोच. बजेटसाठी मिसळायचाच असेल तर तीन भाग साजूक, एक भाग वनस्पती इथवर ठीक.

पहिला ट्रे निघाला की त्यातली एक नानकटाई मधोमध मोडून बघावी. हा हक्क आहे आणि चांगला भट्टीवाला स्वतःच मोडून दाखवतो. आतला पोत कोरड्या वाळूसारखा, सगळीकडे एकाच रंगाचा दिसला पाहिजे. मध्ये ओलसर गडद गोल दिसला तर आणखी चार मिनिटं हवीत. तळ फिकट बदामी असावा, वरचा भाग रंगायची वाट बघू नये. पसरून चपटी झाली असेल तर उरलेल्या गोळ्यात मूठभर, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम मैदा घालून गोळे पुन्हा वळावेत आणि दहा मिनिटं थंड जागी ठेवावेत. अजिबात तडकली नसेल तर गोळे फार घट्ट वळलेत किंवा धग उतरलेली आहे. गोळा गुळगुळीत करायच्या नादात सगळी हवा दाबून काढली जाते. हलक्या हातानं गोल करून वरून अंगठ्यानं जरा दाबलं की पुरतं.

गव्हाच्या बिस्किटांचं गणित वेगळं. ही बेकरीतल्या हातमशीनमधून रेघांच्या पट्ट्या काढून कापतात. कणीक 1 किलो, पिठीसाखर 550 ग्रॅम, तूप 500 ग्रॅम, दूध 225 मिलि, बेकिंग पावडर दोन चमचे, सोडा अर्धा चमचा, मीठ एक चमचा. गहू गिरणीत बारीक दळून घ्यावा आणि पीठ पूर्ण गार होऊ द्यावं, मग मैद्याच्या चाळणीनं चाळावं. भाकरीच्या पिठासारखं जाड दळलेलं असेल तर दूध जास्त मागतं, पट्टी मशीनमधून तुटत निघते, आणि मग बेकरीत सढळ हातानं पाणी घातलं जातं. पाणी घातलेलं बिस्किट पहिल्या दिवशी छान कडक, पाचव्या दिवशी चामट. दुधाची छोटी बाटली जवळ ठेवावी आणि लागलं तर चमच्यानं तेच घालायला सांगावं. मशीनमध्ये आधीच्या घाण्याचा गोळा अडकलेला असतो, म्हणून आपल्या पिठाची पहिली दोन हात पट्टी बाजूला काढायला लावावी. शेंगदाण्याची किंवा आणखी कशाची ॲलर्जी असलेलं मूल घरात असेल तर मशीनचं बिस्किट करूच नये. कितीही पुसलं तरी आत राहतंच.

नाचणी पन्हाळ्यापलीकडच्या आणि गगनबावड्याकडच्या भागातून शहरात भरपूर येते, आणि नातवंडांच्या डब्यासाठी आजीआजोबा तीच सुचवतात. नाचणीत चिकटपणा नसतो. 400 ग्रॅम नाचणी आणि 600 ग्रॅम कणीक इथपर्यंत मशीनची पट्टी टिकते. नाचणीचं पीठ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडं भाजून घ्यावं, म्हणजे कच्चा मातकट वास जातो. दूध तीन-चार चमचे जास्त घालून गोळा वीस मिनिटं झाकून ठेवावा. याहून जास्त नाचणी हवी असेल तर घरी हातानं थापून करावीत.

गुळाचं मात्र मन दुखावून सांगावं लागतं. कोल्हापूरचा गूळ, त्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन, आणि घरात ढेपच्या ढेप. साहजिकच वाटतं की बिस्किटं गुळाचीच व्हावीत. पण गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. भट्टीत तुमचा ट्रे एकटा जात नाही, तो साखरेच्या पाच ट्रेंबरोबर जातो आणि त्यांच्या हिशेबानं बाहेर येतो. तोपर्यंत गुळाचा तळ कडवट झालेला असतो. घरी ओटीजीत 145 ते 150 अंशांवर 20-22 मिनिटांत ती उत्तम होतात. गूळ किसून, दूध कोमट करून त्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुळात स्वतःची ओल असते म्हणून किलोमागं दूध तीन चमचे कमी. गूळ किंचित आंबट असतो, सोड्याला तेवढं पुरतं. बेकिंग पावडर वगळून सोडा पाऊण चमचा केला तरी चालतं. फार पिवळाधमक गूळ टाळावा, तपकिरी घ्यावा, चव त्यातच असते.

मग सगळंच ओटीजीत का नको? करता येतं. तीस लिटरच्या ओटीजीत एका वेळी बारा नानकटाया बसतात. शंभरासाठी आठ-नऊ घाणे, प्रत्येकी वीस मिनिटं; तापवणं धरून साडेतीन तास. दीड हजार वॉटचा असेल तर वीज जास्तीत जास्त सव्वापाच युनिट, थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. खर्चात बेकरीपेक्षा महाग पडेलच असं नाही, पण घरातलं एक माणूस पूर्ण संध्याकाळ ओट्याशी अडकतं आणि ते बहुतेक ठरलेलंच माणूस असतं. पाव किलोच्या प्रमाणासाठी ओटीजी, किलोच्या वर बेकरी, अशी विभागणी करावी. ओटीजी नेहमी 16 ॲम्पिअरच्या मोठ्या प्लगवर लावावा. मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर तीन तास चालवला तर पिन काळी पडते. नानकटाईला खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, पंखा बंद, ट्रे मधल्या कप्प्यात, आणि तापमान 160.

बेकरीत मजुरी ठरवताना ती कशाच्या किलोवर आहे हे विचारावं. पिठाच्या किलोवर की तयार मालाच्या? एक किलो मैद्याची नानकटाई दोन किलोच्या पुढे भरते, त्यामुळे 'किलोला अमुक' हे ऐकायला सारखं वाटलं तरी बिल दुप्पट होऊ शकतं. परत येणारं वजनही माहीत असावं. नानकटाईत पाणी घातलेलं नसतं, म्हणून वरच्या प्रमाणात दोन किलो दीडशे ग्रॅमच्या आसपास साहित्य गेलं तर दोन किलो तरी यायला हवं. गव्हाच्या बिस्किटांत दुधाचं पाणी उडतं, तिथे दोन किलोच्या आसपास येतं. परातीला, मशीनला लागून पन्नास ग्रॅम जाणं समजण्यासारखं आहे. पाव किलोची तूट समजण्यासारखी नाही. दिवाळीच्या तोंडावर घाणे एकमेकांत मिसळण्याचा धोका खरा असतो. म्हणून घरातलं कुणीतरी एक माणूस तिथे थांबलं पाहिजे, नंबर लावून बाजार करायला जाऊ नये. ही या सेवेची मोठी गैरसोय आहे आणि नोकरी करणाऱ्या घरांना ती झेपत नाही. वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस, मधल्या वारी, दुपारी गेलं तर गर्दी निम्मी असते आणि हाताखालच्या पोराऐवजी मुख्य भट्टीवाला स्वतः घाण्याजवळ उभा असतो.

सर्वात जास्त माल वाया जातो तो घरी आणताना. गरम नानकटाई स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं की आतली वाफ तिच्यातच मुरते. सोबत दोन मोठ्या पराती आणि सुती कापड न्यावं, तिथेच पसरावं, हाताला पूर्ण गार लागल्यावरच भरावं. गरम असताना ती मऊच असते. वीस मिनिटांनी घट्ट होते. मोठ्या पिंपात एकत्र भरण्यापेक्षा किलोचे तीन-चार डबे करावेत, म्हणजे रोज उघडला जाणारा डबा एकच राहतो. साजूक तुपातली नानकटाई कोरड्या दिवसांत महिनाभर चांगली राहते. जून ते सप्टेंबरमध्ये इथल्या पावसात आठवड्यात नरम पडते, तेव्हा किलोच्या वर करूच नये. नरम झालेली 120 अंशांवर आठ मिनिटं ठेवून पूर्ण गार केली की पुन्हा खुसखुशीत होते. हा उपाय एकदाच चालतो, दुसऱ्यांदा तूप खवट लागतं.

पुण्या-मुंबईला मुलांकडे डबा पाठवायचा असेल तर नानकटाईचे थर बटर पेपर घालून लावावेत आणि वरची मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरावी. डबा उलटा करून हलवला तर आतून आवाज येता कामा नये. गव्हाच्या पट्ट्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, काठानं काठ टेकून. आडव्या रचलेल्यांतल्या तळच्या दोन थरांचा चुरा होतो.